बामणोलीच्या बॅकवॉटरला एक निवांत दिवस: पाणी, वारा आणि काठ पाहून कसं उतरायचं

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या धक्क्यावर उतरलेला बहुतेक माणूस पहिल्यांदा विचारतो, “बोट कितीला?” माझं म्हणणं, पहिला प्रश्न वेगळा असावा: “आज पाणी कुठवर आहे?” शिवसागराच्या काठावरचा तुमचा अख्खा दिवस त्या उत्तरावर ठरतो. गाडी कुठवर जाईल, पाय मुरमावर पडेल की गाळात रुतेल, पोरांना कुठे उतरवायचं, सावली पाण्याजवळ मिळेल की अर्धा किलोमीटर वर, सगळं त्यातच आलं.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळ कोयनानगरला १०३ मीटर उंचीचं धरण उभं आहे. ते १९६४ साली पुरं झालं. १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण असलेल्या या धरणाचा फुगवटा उत्तरेला बामणोली-तापोळ्यापर्यंत मागे येतो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्या या फुगवट्यातच एकमेकींना मिळतात. म्हणजे आपण ज्याला बॅकवॉटर म्हणतो ती बुडालेली दरी आहे. तिला डोंगराचा उतार आहे, ओढ्यांची तोंडं आहेत, जुन्या भातखाचरांचे बांध आहेत, विहिरी आहेत. फक्त ते सगळं पाण्याखाली आहे.

डोंगरावरून येणारे ओढे पूर्वी जिथे नदीला मिळायचे तिथे आता पाणी जिभेसारखं आत शिरलंय. तीन बाजूंना डोंगर आणि एका बाजूला मोकळा जलाशय, असे कितीतरी कोपरे या काठावर आहेत. खरा निवांतपणा तिथेच आहे. पॉइंटांची यादी घेऊन दिवसभर पळण्यापेक्षा असा एक कोपरा धरावा आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच राहावं, असं मला मनापासून वाटतं. ते कसं करायचं, ते पुढे सांगतो.

कोणत्या महिन्यात पाणी कसं असतं

जून ते ऑगस्ट पाण्यात उतरायचा विचारच नको. या खोऱ्यात धो धो पाऊस असतो, पाणी तांबडं होतं, डोंगरावरून ओंडके वाहून येतात आणि जलाशय एका रात्रीत काही फूट चढू शकतो. काठावर नुसती राड असते. पाऊस पाहायला जरूर जा, पण चहा घेऊन पडवीतून पाहा.

सप्टेंबरअखेरीस धरण साधारण भरलेलं असतं आणि गाळ खाली बसायला लागतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पाणी काठाच्या झाडांपर्यंत आलेलं असतं, स्वच्छ असतं आणि सकाळी वारा जवळजवळ नसतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाणी चांगलंच गार असतं. नऊच्या आधी पोरांना उतरवू नका.

होळीनंतर पाणी वेगाने उतरायला लागतं. कोयनेचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या वीजघराकडे जातं. वीजनिर्मितीसाठी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. पाण्याचं वर्ष ३१ मेला संपतं, तोपर्यंत हे पाणी टप्प्याटप्प्याने खाली जात राहतं. काठावर उभं राहिलात की झाडांची शेवटची ओळ आणि पाणी यांच्यामध्ये उघड्या मातीचा तांबूस पट्टा दिसेल. तो अरुंद असेल तर दिवस सोपा जाईल. रुंद असेल तर तेवढं अंतर उन्हात चालायचं आहे आणि शेवटचे वीस-तीस फूट गाळ असण्याची शक्यता धरून चालायचं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सकाळी सातला पाण्याजवळ असा आणि अकराला काठ सोडा. दुपारनंतर वळवाचे ढग भरून येतात. ढगांचा पहिला गडगडाट कानावर आला की पाण्यातून आणि उघड्या काठावरून लगेच निघायचं, पाऊस सुरू व्हायची वाट पाहायची नाही. एकट्या झाडाखालीही थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

साताऱ्याहून निघताना

सातारा ते बामणोली साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट चढायचा, मग कास पठार, कास तलाव आणि तिथून खाली उतरलं की बामणोली. दीड तास धरा. एसटीही जाते, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. तापोळ्याला जायचं असेल तर महाबळेश्वरहून खाली उतरणारा घाट सोयीचा.

पेट्रोल आणि रोकड साताऱ्यातच घ्या. खाली नेटवर्क असून नसल्यासारखं असतं, त्यामुळे फोनवरून पैसे देता येतीलच असं नाही. आणि घरी एका माणसाला सांगून ठेवा: कुठे जातोय, किती जण आहोत, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुलं असतात. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यात कास आहे. तेव्हापासून फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर रांगा लागतात. त्या दिवसांत बामणोलीला जायचं तर आठच्या आत पठार ओलांडा किंवा सरळ मंगळवार-बुधवार बघा. वासोटा किल्ल्याच्या ट्रेकचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारच्या सकाळी धक्क्यावरच्या बहुतेक बोटी ट्रेकवाल्यांना घेऊन निघतात. इंजिनांचा आवाज आणि डिझेलचा वास तास-दोन तास खोऱ्यात घुमत राहतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी तोच काठ वेगळा वाटतो.

वाटेतला कास तलाव फार मोह घालतो. तिथे उतरू नका. ते साताऱ्याच्या नळाला येणारं पाणी आहे.

कोपरा निवडणं

यावर अर्धा तास घालवावा लागला तरी घालवा.

आधी गावात विचारा. बामणोलीच्या आसपासच्या वाड्यांमधून राहणाऱ्या माणसाला कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी गाळ आहे, कुठे जुनी विहीर आहे, कुणाची जाळी कुठे लागलेली आहेत हे सगळं ठाऊक असतं. धक्क्यावर एखादे वयस्कर बोटवाले मामा बसलेले असतात. त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा.

“मामा, आज वारा कधी सुटंल?”

“अकरा वाजूस्तर काय न्हाय, पाव्हणं. त्येच्या फुडं मातूर कडंकडंनंच ऱ्हावा.”

एवढ्या दोन वाक्यांत दिवसाचं वेळापत्रक मिळतं. हे खोरं उत्तर-दक्षिण लांबलचक आहे आणि पश्चिमेला कोकणकडा जवळ आहे. ऊन तापलं की कोकणाकडून येणारा वारा डोंगराच्या खिंडींतून खाली उतरतो आणि मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी दुपारी दोनला होडी हलवतं. म्हणून ज्या कोपऱ्याच्या पश्चिम बाजूला डोंगराची सोंड आडवी आली आहे तो निवडा. तिथे वारा वरून निघून जातो आणि दुपारची सावलीही लवकर पडते.

दुसरं म्हणजे, ओढा जिथे जलाशयात शिरतो त्या अगदी टोकाला उतरू नका. पावसाळ्यात ओढ्याने आणलेली माती तिथेच साचते. वरून वाळल्यासारखी दिसते, पापुद्रे सुटलेले असतात, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. टोकापासून थोडं बाजूला, जिथे मुरमाड उतार सरळ पाण्यात जातो, ती जागा चांगली. पायाखाली करकर वाजणारा मुरूम असेल तर समाधान माना. सरळ तुटलेला मातीचा कडा असेल तर त्याच्या वरही बसू नका आणि खालीही. पाण्याने तो आतून पोखरलेला असतो.

मग खोली मोजा. हे कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला हवं. हातभर लांब दोरीला मूठभर दगड बांधला तर उपयोग नाही, चांगली पाच-सहा वाव (दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर म्हणजे एक वाव) दोरी घ्या, टोकाला नारळाएवढा दगड बांधा आणि दर वावेवर एक गाठ मारा. मोठ्या दोघांनी लाइफ जॅकेट घालून, हातात काठी घेऊन, काठीने पुढची जमीन चाचपत गुडघाभर पाण्यात जायचं. तिथून दगड पुढे टाकायचा, दोरी ताठ झाली की किती गाठी भिजल्या ते पाहायचं. डोंगरउतार असल्यामुळे खोली एकसारखी वाढत नाही. भाताच्या खाचरावर दहा पावलं कंबरभर पाणी लागतं आणि बांध संपला की पुढच्या पावलाला डोक्यावरून जातं. जिथपर्यंत जमीन सलग लागली तिथे काठी रोवा आणि तिच्या टोकाला लाल फडकं बांधा. ज्यांना पोहता येत नाही त्यांची हद्द ती, आणि पोरांची हद्द तिच्या अलीकडे निम्म्यावर. काठीला पाणी कुठवर लागतंय तिथे एक खूण करून ठेवा म्हणजे दिवसभरात पातळी हलली का तेही कळेल.

पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका ओळीत तरंगताना दिसले तर ते मच्छीमारांचं जाळं आहे. त्यापासून लांब राहा. जाळं फाटलं की एका घराचं नुकसान होतं, आणि पाय अडकला तर तुमचा जीव जातो. जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात, तरी दिवसाही राहिलेली असू शकतात.

जागेच्या मालकीचंही बघा. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन मोकळी दिसते, पण त्यातल्या बऱ्याच तुकड्यांवर गावकरी गाळपेर करतात. हिरवं दिसलं की ते पीक समजा आणि त्यातून गाडी घालू नका. त्याच उघड्या जमिनीवर, उन्हाळ्यात, टिटवी चार खड्यांच्या घोळक्यात अंडी घालते. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली तर तुम्ही तिच्या घरट्याजवळ आहात, आल्या वाटेने मागे फिरा. तंबू ठोकायचा असेल तर जागामालकाला विचारून, आणि झाडांच्या ओळीच्या वर. झाडं जिथे सुरू होतात तिथपर्यंत पाणी येऊ शकतं, ही निसर्गाने आखून दिलेली रेघ आहे.

पलीकडचा, पश्चिमेचा काठ जास्त सुंदर दिसतो. तो कोयना अभयारण्याचा भाग आहे. १९८५ साली अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे उतरता येत नाही. धरणाच्या भिंतीकडच्या बाजूलाही सुरक्षेसाठी निर्बंध आहेत. पूर्वेचा काठ आपल्याला भरपूर आहे.

जॅकेट: घातलंय म्हणजे झालं असं नाही

बोटीवर मिळणारं जॅकेट बहुतेक जण खांद्यावर टाकतात आणि फोटो झाला की काढतात. ते नीट बघून घ्या. फोम दाबून पाहा. दाबल्यावर परत फुगत नसेल, हाताला तुकडे लागत असतील तर ते पाण्यात उचलणार नाही. दुसरं मागा, मागायला संकोच नको. तिन्ही पट्टे लावा, बकल टकदिशी वाजलं पाहिजे. मग दुसऱ्याला सांगा की दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढ. ते हनुवटीच्या वर गेलं तर सैल आहे. पाण्यात गेल्यावर असंच वर येतं, तोंड झाकतं आणि माणूस घाबरतो. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट आवळून घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. घरात पोरं असतील आणि वर्षातून दोन-तीनदा पाण्यावर जात असाल तर त्यांच्या वजनाचं, मानेमागे कॉलर आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं जॅकेट विकतच घ्या.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा, सुका भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा बांधायची पद्धत होती. विहिरीला चार भिंती असतात, वारा नसतो आणि काका दोरी धरून उभे असतात. बॅकवॉटरवर यातलं काहीच नाही. ट्रकची ट्यूब तर सगळ्यात वाईट. वारा सुटला की ती पानासारखी मोकळ्या पाण्याकडे सरकते आणि वर बसलेल्याला हाताने वल्हवून परत येता येत नाही.

कपड्यांचं एक सांगतो. जीन्स भिजली की दगडासारखी जड होते. साडी आणि ओढणी पायात गुंडाळतात. घट्ट टी-शर्ट, लेगिंग किंवा हाफ पँट, आणि पायात पट्ट्याचे जुने सँडल असू द्या, कारण मुरमात धारदार दगड आणि शिंपले असतात. बायकांना कपडे बदलायला काठावर काहीच सोय नसते. दोन जुन्या साड्या आणि एक दोरी नेली की दोन झाडांमध्ये आडोसा होतो.

पाण्यात

पहिली दहा मिनिटं नुसतं कंबरभर पाण्यात उभं राहा. मान, छाती आणि मनगटं भिजवा. विशेषतः मार्चनंतर वरचं पाणी कोमट असतं आणि हातभर खाली गेलं की एकदम गार थर लागतो. घामाघूम अंगाने सूर मारला की त्या थराला श्वास अडकतो आणि पोटरीत गोळा येतो. चांगले पोहणारेही याला अपवाद नाहीत. सूर मारणं इथे पूर्ण वर्ज्य ठेवा, कारण खाली झाडाचा बुंधा आहे की बांधाचा दगड हे वरून दिसत नाही.

निवांतपणासाठी म्हणून मला सगळ्यात आवडतं ते उताणं तरंगणं. जॅकेट घालून छातीभर पाण्यात जा, जोडीदाराला शेजारी उभं करा. गुडघे थोडे वाकवून मागे रेला, जणू आरामखुर्चीत बसताय. डोकं मागे सोडा, कान पाण्याखाली जाऊ द्या. इथेच सगळे अडतात. कानात पाणी जाईल या भीतीने मान उचलतात, मान उचलली की कंबर बुडते आणि कंबर बुडली की माणूस हातपाय मारायला लागतो. कान बुडू द्या, हनुवटी आकाशाकडे, हात खांद्याच्या रेषेत पसरलेले, तळवे वर. श्वास सावकाश आत घ्या, छाती फुगली की शरीर वर येतंय हे जाणवेल. पाय आपोआप खाली जाऊ लागले तर जाऊ द्या, जॅकेट तुम्हाला धरून आहे. दोन-तीन प्रयत्नांत जमतं. जोडीदाराने फक्त एवढंच बघायचं की तुम्ही लाल फडक्याच्या अलीकडे आहात, कारण कान पाण्यात असताना सरकल्याचं कळत नाही.

पोहता येणाऱ्यांनी काठाला समांतर पोहावं, जलाशयाच्या मध्याकडे नाही. पलीकडचा काठ जवळ दिसतो. डोंगरांमुळे अंतराचा अंदाज चुकतो आणि परत यायला दम उरत नाही. एकट्याने कधीच नाही, दारू पिऊन तर काठावरसुद्धा नाही. सोबतीत कुणी पिणारे असतील तर त्यांना स्पष्ट सांगा की ते आज पाण्याला शिवणार नाहीत. वाईटपणा आला तर येऊ द्या.

पोरं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाची पाळी लावा. त्याच्या हातात फोन नसतो, तो गप्पा मारत नाही, तो फक्त बघतो. वीस मिनिटांनी पाळी बदला. सगळे मिळून लक्ष ठेवतात तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. बुडणारं पोर हाका मारत नाही, ते गप्प होतं, डोकं मागे झुकतं आणि हात शिडी चढल्यासारखे वर-खाली होतात. गोंगाट थांबला की आधी पाण्याकडे बघा.

होडी आणि कयाक

बामणोली आणि तापोळा इथे स्थानिक लोकांचे बोट क्लब आहेत, बोटीचे दर ठरलेले असतात आणि धक्क्यावर कळतात. त्रिवेणी संगमाकडची फेरी सकाळी पहिल्या तासात घ्या. जावळी तालुक्यातल्या मुनावळ्यात जलक्रीडा केंद्र आहे, वेगाच्या खेळांची हौस तिथे भागते. शांत कोपऱ्यात स्पीडबोट आणू नये असं माझं ठाम मत आहे. तिच्या लाटांनी मातीचे काठ ढासळतात, जाळी ओढली जातात आणि पाण्यात उभ्या असलेल्या पोरांचे पाय सुटतात.

कयाक मात्र या पाण्यासाठीच केल्यासारखी वाटते. काठावरच्या काही कॅम्पवर ती भाड्याने मिळते. बसताना पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले, टाचा टेकलेल्या. वल्हं खांद्यापेक्षा थोडं रुंद धरा. पात पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला आणि कमरेशी आला की बाहेर काढा, त्याच्या मागे नेलात तर कयाक नुसती फिरते. जोर हाताने लावायचा नसतो, कंबर आणि खांदा वळवायचा. दहा मिनिटांत दंड भरून आले तर समजा की हातानेच ओढताय.

निघताना वारा तोंडावर घ्या. दमलेल्या अंगाने परत येताना तो पाठीवर असला पाहिजे. उलट केलं तर जाताना फार मजा येते आणि येताना रडू येतं. काठापासून वीस-पंचवीस पावलांच्या अंतराने चाला, गळ्यात शिट्टी असू द्या, फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत. उलटलात तर कयाक सोडू नका. ती बुडत नाही आणि लांबून दिसते. तिला धरून पाय मारत काठ गाठा.

काठावर

पाण्यातून आल्यावर दोन-तीन तास काहीच ठरवू नका. दुर्बीण असेल तर न्या. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. पाणकावळे बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर पंख पसरून वाळत बसतात. नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर घरटी करतात, तेव्हा त्या बेटांवर होडी लावू नका.

जेवण गावातच सांगा. सकाळी जाताना किती माणसं ते सांगितलं की दुपारी नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मासे लागले असतील तर माशाचं कालवण मिळतं. चार घरांना चार पैसे मिळतात आणि तुमच्या डब्यांचा कचराही होत नाही. चूल पेटवायची असेल तर गवतापासून लांब, मुरमावर. निघताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबा. फेब्रुवारीनंतर चूल नकोच, डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. साबण, शॅम्पू पाण्यात नको. आणलेलं सगळं परत न्या, बाटलीची झाकणंसुद्धा. स्पीकर घरी ठेवा.

मे महिन्यात पाणी फार उतरलं की काही ठिकाणी जुन्या घरांची जोती आणि देवळांचे चौथरे वर येतात. धरणासाठी या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. काही माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे गेली, काही डोंगरावर सरकून राहिली. बोटवाले मामा त्यांच्यातलेच असतात. त्या चौथऱ्यावर बसून जेवू नका, चपला घालून चढू नका, दगड उचलून आणू नका. विचारलंत तर मामा तुम्हाला गाव कुठवर होतं ते बोट करून दाखवतील. ते ऐकायला वेळ ठेवा.

कुणी बुडत असेल तर

पाण्यात उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याला खाली दाबतो. एकापाठोपाठ एक अशी दोन-तीन माणसं जातात ती यामुळेच. पाच लिटरच्या कॅनला दहा वाव दोरी बांधून ती काठावर कायम तयार ठेवा. कॅनमध्ये चार बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा. रिकामा कॅन वाऱ्यावर उडतो, थोडं वजन असलं की नेमका जातो. बुडणाऱ्याच्या पलीकडे फेका आणि दोरी त्याच्या हाताशी येईल अशी ओढा. काठी, साडी, झाडाची फांदी, काहीही चालेल, मात्र तुम्ही आडवे झोपून आणि कुणीतरी तुमचे पाय धरून.

बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्याने पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात जातं. टणक जमिनीवर उताणं झोपवा. श्वास नसेल तर मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी ३० दाब आणि २ श्वास, असं थांबू न देता चालू ठेवा. दाब दोन इंच खोल जायला हवा, वेग सेकंदाला जवळपास दोन. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. नेटवर्क नसेल तर गाडीवर एकाला गावात पाठवा. माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उलटतो.

सांगलीकरांसाठी

सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटर, पुढे बामणोली. एका दिवसात दगदग होते, म्हणून आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीला मुक्काम करा. इतक्या लांब कशाला, आपली कृष्णा आहे की, असं कुणी म्हणेल. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. घाटावर बसा, पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती बघा, पण हात-पाय पसरून तरंगायची जागा ती नव्हे. चांदोलीचा वसंतसागर जलाशय देखणा आहे, पण जंगल राखीव आहे आणि पाण्यात उतरायला मोकळीक नाही.

परतताना

चारला सामान आवरायला घ्या, पाचला निघा. भिजलेली जॅकेट मोजून परत करा, एखादा पट्टा तुटला असेल तर तसं सांगा, म्हणजे पुढच्याला ते दिलं जाणार नाही. गाडी चालवणाऱ्याने शेवटचे दोन तास पाण्यात घालवू नयेत. पोहून आल्यावर यवतेश्वर घाटात डोळे मिटायला लागतात. संध्याकाळी पठारावर अचानक धुकं उतरतं, तेव्हा हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा, वरच्या झोताने समोर पांढरी भिंतच दिसते. कासच्या जंगलातल्या वळणांवर गवे रस्त्यात उभे असतात. हॉर्न वाजवू नका, दिवे खाली करून थांबा. एक गेला की लगेच गाडी काढू नका, मागून कळप येत असतो.